नुसताच पाला का वाढतो?

पेरू लावून सहा वर्षं झाली. झाड गच्चीला टेकलं आहे, पाला इतका दाट की खाली उभं राहिलं तर भुरभुर पाऊस अंगावर येत नाही. फळं मात्र हंगामाला सात-आठ, तीही शेंड्याला, पोपटांच्या वाटणीची. घरातली माणसं पाणी चुकवत नाहीत, शेणखताची घमेली ओततात, कुणी सांगितलं म्हणून मूठभर युरियाही टाकून झाला. त्यावर झाड आणखी उंच गेलं. शेतकरी अशा झाडाला ‘माजलेलं’ म्हणतात आणि त्या एका शब्दात निम्मं निदान आहे.

परसात फळझाड लावण्याविषयी जे सांगितलं जातं ते बहुतेक खड्डा, खत आणि पाणी इथे संपतं. पण महाराष्ट्रातल्या घरांभोवती झाडं मरतात कमी, न फळता उभी राहतात जास्त. त्याची कारणं प्रत्येक झाडागणिक वेगळी असतात. पेरूचं कारण लिंबाला लागू पडत नाही, लिंबाचं पपईला नाही. सगळ्यांवर एकच उपाय म्हणून खत वाढवलं जातं आणि तोच बहुतेक ठिकाणी चुकतो. नत्र आणि पाणी मुबलक मिळत असेल तर झाड पानं आणि फांद्या वाढवत राहतं. फुलावर यायला त्याला निमित्तच उरत नाही.

पेरूपासूनच सुरुवात करू. पेरूला कळी धरते ती नव्या फुटीवर, कोवळ्या फांदीच्या पानांच्या बेचक्यात. करड्या पडलेल्या जुन्या फांदीवर थेट फूल येत नाही. म्हणजे नवी फूट हवी, आणि तिच्यासाठी जुना शेंडा काढायला हवा. मे महिन्यात फांद्यांचे वीतभर शेंडे छाटले की मृगाच्या पावसावर फूट येते, तिच्यावर कळ्या दिसतात आणि थंडीत फळं हाती येतात. हा मृग बहार. त्याखेरीज जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार असे आणखी दोन. परसातल्या झाडाला मृगच धरावा. आंबे बहाराची फळं भर पावसाळ्यात पिकतात, पाणचट लागतात आणि फळमाशी त्यांच्यावर तुटून पडते. पेरू कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात, त्या बहुतेक वेळा याच फळांत. थंडीतल्या पेरूला गोडीही जास्त आणि कीडही कमी.

ज्यांना कात्री चालवणं जिवावर येतं त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, फांदी वाकवण्याची. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरत राहतं आणि बाजूचे डोळे झोपलेले राहतात. फांदी सुतळीनं हळूहळू आडवी ओढून जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधली की शेंड्याचा हा धाक ढिला पडतो आणि फांदीच्या अंगाअंगावर डोळे फुटतात. सुतळी सालीत रुतू नये म्हणून खाली जुन्या कापडाची घडी ठेवावी, एवढंच.

पेरूच्या बाबतीत पुण्याचं देणं मोठं आहे. ‘लखनौ-४९’ या नावामुळे तो वाण उत्तरेतून आला असं वाटतं, पण त्याची निवड झाली ती पुण्यात, गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात. डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून तो निवडला. पुढे तो ‘सरदार’ या नावानं देशभर गेला. डाळिंबाचा ‘गणेश’ वाणही याच जागेचा. सरदारचं झाड आडवं पसरतं, फार उंच जात नाही. शिडी न लावता फळ काढता यावं अशी ज्यांची इच्छा आहे त्यांना यापेक्षा घरगुती पेरू शोधायची गरज नाही.

लिंबाचं दुखणं मात्र उलटं आहे. त्याला छाटणी नको, उपास हवा.

विदर्भातले संत्रा बागायतदार याला ‘ताण देणं’ म्हणतात. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडतात. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने, हलक्या जमिनीत त्याहून कमी. पानं मलूल होतात, थोडी गळतात. पाहणाऱ्याला दया येते. पण त्या काळात झाडाची वाढ थांबते, पानांनी तयार केलेली साखर नव्या फुटीवर खर्च न होता काड्यांमध्ये साठत राहते. मग माती हलकी चाळून, खत घालून पाणी सोडलं की पंधरा-वीस दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. कागदी लिंबाचीही तीच जात. घरात मात्र तुळस, मोगरा, जास्वंद आणि लिंबू सगळ्यांना एकाच पाइपनं रोज पाणी मिळतं. लिंबाला वर्षभर विसावाच नाही, मग ते नुसतंच हिरवं राहतं.

जमिनीत लावलेल्या, चार-पाच वर्षांच्या लिंबाचं पाणी डिसेंबरात तीन-चार आठवडे तोडून पाहावं. दुपारी पानं वळतात, संध्याकाळी पुन्हा सरळ होतात. ज्या दिवशी संध्याकाळीही ती सरळ होत नाहीत त्या दिवशी ताण पुरे झाला असं समजावं. पहिलं पाणी बेतानंच द्यावं, दुसरं थोडं जास्त. कुंडीतल्या लिंबावर हा प्रयोग इतके दिवस करू नये. कुंडीतली माती चार दिवसांत कोरडी पडते आणि झाड हातचं जातं.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर जवळून पाहावं. ती बहुधा अळी असते, लिंबाच्या फुलपाखराची. काडीनं हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-तांबडी, दुहेरी शिंगासारखी मांसल जीभ बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मोठी झाली की शिटीचं सोंग टाकून पानासारखी हिरवी होते. कढीपत्त्यावर आणि बेलावरही तीच असते. परसातल्या एका झाडासाठी औषधाची बाटली आणण्याचं कारण नाही. रोप लहान असेल तर अळ्या हातानं वेचाव्यात. झाड मोठं असेल तर चार पानं तिला द्यावीत. ज्या अंगणात फुलपाखरं फिरकत नाहीत तिथे मधमाश्याही कमीच येतात, आणि त्याची किंमत फळातच मोजावी लागते.

आता उन्हाकडे येऊ. इथे फसगत होते ती सगळ्यात साध्या कारणानं. आपण झाडं जून-जुलैत लावतो. त्या दिवसांत पुण्याच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, जूनमध्ये तर किंचित उत्तरेला सरकलेला. इमारतीच्या उत्तरेकडची जागाही तेव्हा लख्ख उन्हात न्हालेली दिसते. तिथे कलम लावलं जातं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर येतो. दहा मीटर उंचीच्या, म्हणजे साधारण तीन मजली इमारतीची सावली तेव्हा भर बारा वाजता सुमारे नऊ मीटर उत्तरेला पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. आंब्याचा मोहोर ठरतो आणि फुटतो तो याच थंडीच्या दिवसांत. पावसाळ्यात जागा निवडणाऱ्याला थंडीतली सावली दिसत नाही, आणि दहा वर्षं झाड पानांवरच राहतं. झाड लावायचं ठरलं की आधीच्या डिसेंबरात अंगणात खडूनं किंवा विटा ठेवून सावलीची कड आखून ठेवावी. खर्च काही नाही. फळझाडाला दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन हवं.

कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करताना शेतकऱ्यांना हेच वेगळ्या शब्दांत शिकवलं: शेतीचं खरं भांडवल पानावर पडणारं ऊन आहे. द्राक्षबागेत वेलीचं पान न् पान उन्हात कसं येईल याचा विचार करायला लावणारी ती दृष्टी परसातल्या एका पेरूलाही तितकीच लागू पडते. झाडाच्या पोटात एकमेकांवर सावली धरणाऱ्या फांद्या काढून टाकल्या तर उरलेल्यांचं काम वाढतं.

आंब्याची गोष्ट निघालीच आहे तर कोयीचं बोलायला हवं. खाल्लेल्या हापूसची कोय मुलांनी मातीत खोचली, ती रुजली, तांबूस पानं आली, आणि घरच्यांनी त्या रोपाला नाव दिलं हापूस. ते हापूस नसतं. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो आईच्या फुलावर आलेल्या कुठल्यातरी दुसऱ्या परागाचा. त्यातून निघतो तो रायवळ, गोड निघेल की आंबट ते फळल्यावरच कळतं, आणि फळायला सात-आठ वर्षं सहज लागतात. कलम चार-पाच वर्षांत फळतं. पहिल्या तीन वर्षांचा मोहोर खुडून टाकावा लागतो, नाहीतर कोवळं कलम फळाच्या भारानं खुंटतं.

वाण निवडतानाही नावाच्या मोहात पडू नये. हापूस कोकणाच्या किनारपट्टीचा. घाटावर त्याला तो जोम आणि ती चव साधत नाही. लहान जागेसाठी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेनं दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेला आम्रपाली चांगला. झाड ठेंगणं राहतं आणि दरवर्षी फळतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रत्ना नीलम-हापूसच्या संकरातला. त्याचा आणि हापूसचा पुन्हा संकर करून आलेल्या सिंधूची कोय कागदासारखी पातळ असते.

बियांच्या या नियमाला लिंबू अपवाद. कागदी लिंबाच्या एका बीतून कधी दोन, कधी तीन रोपं निघतात. त्यातलं एखादं संकरातलं असतं, बाकीची आईच्या पेशींपासून तयार झालेली, म्हणून हुबेहूब आईसारखी. त्यामुळे चांगल्या झाडाचं बी टाकून केलेलं लिंबू सहसा निराश करत नाही. मोसंबी-संत्र्याचं मात्र कलमच आणावं, आणि आणल्यावर त्याच्या सांध्याकडे नजर ठेवावी. जमिनीपासून वीतभर वर खोडाला एक तिरका फुगवटा दिसतो, तो सांधा. त्याच्या वर मोसंबी, खाली रंगपूर लिंबू किंवा जंबेरीचा खुंट. लावताना सांधा मातीत गाडला गेला, किंवा त्याच्याखालून आलेली फूट ‘जोमदार आहे’ म्हणून राहू दिली, तर दोन वर्षांत खुंट वरच्या झाडाला गिळतो. मग ‘मोसंबीला लिंबं लागली’ अशी तक्रार रोपवाटिकेकडे जाते. सांध्याखालची फूट कोवळी असतानाच अंगठ्यानं मोडावी.

पपईचा घोटाळा याहून निराळा. कुंडीत पडलेल्या बियांतून एक रोप तरारून येतं, सगळे त्याला जपतात, पाच-सहा महिन्यांत फुलं येतात: हातभर लोंबणाऱ्या देठांवर बारीक नळीसारख्या फुलांचे गुच्छच्या गुच्छ. घरात आनंदीआनंद. पण ते झाड नर आहे. मादीचं फूल खोडाला बिलगून, एकटंदुकटं येतं, आणि पाकळ्या बाजूला केल्या की आत बोटाच्या पेराएवढा फुगीर अंडाशय दिसतो. तिसरी जात उभयलिंगी झाडांची. त्यांची फळं लांबट होतात, मादीची गोलसर. जुन्या वाणांत निम्मी रोपं नर निघतात आणि फूल येईपर्यंत ती ओळखू येत नाहीत. म्हणून माळी एकेका खड्ड्यात तीन-चार रोपं लावत, फुलं दिसली की नर उपटत आणि परागासाठी एखादा राखत. एकच रोप लावायची सोय असेल तर नर न निघणाऱ्या वाणाचं बी घ्यावं. तैवानहून आलेली ‘रेड लेडी’ त्यातलीच. पपईला दुसरी भीती पाण्याची. बुंध्याशी एक-दोन दिवस पाणी साचलं तरी झाड कुजून आडवं होतं, त्यामुळे ती उंचवट्यावरच लावावी.

सीताफळाला नर-मादी दोन्ही एकाच फुलात आहेत, पण त्यांची गाठ पडत नाही. फूल पाहिलं आहे का कुणी नीट? तीन जाड, हिरवट पाकळ्या, खाली तोंड करून लोंबणारं, दुरून कळीच वाटावी असं. पाकळ्या किंचित विलगतात तेव्हा फूल मादी असतं. मधला भाग ओलसर, चकाकणारा. काही तासांनी पाकळ्या पुरत्या उघडतात, मादीचा भाग सुकलेला असतो, आणि तेव्हा कुठे पराग मोकळे होतात. म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या, नुकत्या उमलू लागलेल्या फुलाला पोचायला हवेत. मधमाशीला या फुलात फारसा रस नाही. हे काम करतात मोहरीएवढे बारीक भुंगे, आणि ते वाढतात कुजणाऱ्या फळांत नि पाल्यात. सीताफळाखाली खराट्यानं लख्ख झाडलेलं अंगण म्हणूनच त्याच्या मुळावर येतं. खालचा पाला तिथेच राहू द्यावा. जमीनही ओली राहते.

हातानं परागण करणंही अवघड नाही. पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग मऊ ब्रशनं कागदावर झटकावेत, आणि सकाळच्या वेळी अर्धवट उमललेल्या फुलाच्या मध्यावर तोच ब्रश हलकेच चहूबाजूंनी फिरवावा. ‘चहूबाजूंनी’ याला अर्थ आहे. सीताफळाच्या सालीवरचा प्रत्येक डोळा फुलातल्या एका स्वतंत्र स्त्रीकेसरापासून बनतो. ज्या बाजूला पराग पोचला नाही ती बाजू भरत नाही आणि फळ वेडंवाकडं होतं. बाजारात असं एका अंगानं दबलेलं सीताफळ दिसलं की समजावं, त्या फुलावर भुंगा एकाच बाजूनं फिरला. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात येणारी फुलं बहुतेक गळतात. तो रोग नव्हे. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की फळ धरू लागतं.

‘गळ’ पाहून घाबरण्याचा असाच प्रकार फणसाखाली घडतो. थंडीच्या अखेरीस झाडाखाली बोटभर लांबीच्या, काळ्या बुरशीनं माखलेल्या कुयऱ्या पडू लागतात आणि कुणीतरी फवारणीचा सल्ला देतं. त्या मुळात कुयऱ्या नसतातच. तो नर मोहोर असतो. पराग सांडून झाल्यावर तो गळणारच. ज्यातून फणस होणार ती मादी कुयरी जाड देठाची, देठाशी ठसठशीत कडं असलेली, आणि ती बहुधा खोडावर किंवा जाड फांदीवर असते.

फणस लावणाऱ्यानं मात्र भिंत, पाण्याची टाकी आणि शौचालयाचा खड्डा यांच्यापासूनचं अंतर आधीच मोजावं. नंतर अडचण झाली तरी शहरात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

पाण्याच्या बाबतीत कोकणातल्या जुन्या घरांची मांडणी शहाणपणाची होती. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडे तिथे केळी आणि अळू. केळ कितीही पाणी पिते, आणि तिच्या बाबतीत फळण्याची चिंता नसते: एक खोड एकदाच घड देतं आणि संपतं, बाजूचा तलवारीसारख्या निमुळत्या पानांचा मुनवा राखला की पुढच्या वर्षाची सोय होते. लिंबू मोरीपासून दूर असे. बुंधा सतत ओला राहिला तर लिंबाच्या खोडातून डिंक पाझरतो, साल कुजते. त्याचं आळंसुद्धा दुहेरी करतात: बुंध्याभोवती मातीची भर, तिच्या बाहेर पाण्याचा चर. अन्न-पाणी शोषणारी पांढरी मुळी बुंध्याशी नसतेच, ती फांद्यांच्या घेराखाली असते. पाणी आणि खत तिथे पडायला हवं.

नव्या बंगल्यांच्या आवारात आणखी एक अडचण मातीखाली दडलेली असते. बांधकामाचा राडारोडा पसरून त्यावर फूटभर लाल माती टाकलेली असते. सिमेंट-चुन्यामुळे ती जमीन अल्कधर्मी होते, लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा पानाला खताची नव्हे, खड्ड्याची गरज होती. मे महिन्यात आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद नि खोल खड्डा घ्यावा, पेरू-लिंबासाठी दोन फुटांचा. राडारोडा बाहेर काढावा, खड्डा उन्हात तापू द्यावा, मग चांगली माती, पालापाचोळा नि कुजलेलं शेणखत भरून ठेवावं.

न फळणाऱ्या झाडाला खिळा ठोकणं, कोयत्यानं टिचे घालणं या रीती आजही पाहायला मिळतात. त्यामागे थोडं तथ्य आहे. पानांत बनलेली साखर सालीतून खाली मुळांकडे उतरते. सालीला जखम झाली की ती काही काळ वरच अडते आणि कधीकधी झाड फुलतं. पण ती जखम बुरशीला आणि खोडकिड्याला उघडं दारही देते, आणि नर पपई किंवा सावलीतला आंबा खिळ्यानं फळत नाही.

आणि काही झाडांना तर दुखणंच नसतं. आवळा घ्या. दोन वेगळ्या वाणांची झाडं जवळपास असली तर तो चांगला धरतो, कारण बहुतेक वाणांना स्वतःचे पराग चालत नाहीत. शेजारच्या घरी दुसरा आवळा असला तरी भागतं. मार्च-एप्रिलात नव्या पालवीबरोबर हिरवट-पिवळी फुलं येऊन जातात, त्यानंतर झाडाकडे पाहिलं तर फळ म्हणून काही दिसत नाही. मे जातो, जून जातो. घरातलं कुणीतरी ‘यंदाही नाही’ म्हणून आशा सोडतं. पण वसंतात फलन झालेला तो गर्भ तसाच निजून राहिलेला असतो, तीन-चार महिने, टाचणीच्या डोक्याएवढा. श्रावणात पाऊस मुरला की तो वाढू लागतो, आणि एका सकाळी नाजूक पानांच्या खाली, काड्यांना चिकटून, हिरव्या मण्यांच्या रांगा दिसतात.